रिकामी बंगई

नागपूरच्या लकडगंजात काहीतरी हललं म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही. टेलिफोन एक्स्चेंज चौकात लाकडानं भरलेला ट्रक वळला की कडेच्या जुन्या घरांची तावदानं वाजतात. आरा मशीन सुरू झाल्यावर शेजारच्या भिंतीला हात लावावा, तळव्यात बारीक गुणगुण चढते. इतवारी स्टेशनाकडून मालगाडीची धडधड येते आणि डिसेंबर २०२२ पासून सेंट्रल अव्हेन्यूवर डोक्यावरून मेट्रोही जाते. इथल्या माणसाच्या अंगात ही थरथर लहानपणापासून मुरलेली असते. गावाहून आलेला पाहुणा दचकतो, घरचा माणूस चहा ओतत राहतो.

म्हणूनच ४ डिसेंबर २०२४ ला, बुधवारी, सकाळी साडेसातच्या सुमारास पलंग हलला तेव्हा इथल्या बऱ्याच जणांच्या मनात सवयीचाच अर्थ आला. मले वाटलं ट्रक गेला.

रस्त्यावर ट्रक नव्हता. लाकडाचा बाजार अजून उघडायचा होता, आरा मशीन बंद होत्या. कोपऱ्यावर तर्री-पोह्यांच्या गाडीवर पहिली गिऱ्हाइकं उभी होती, जिन्यांत शाळेच्या पिशव्यांची घाई होती. खाली उभ्या असलेल्या माणसांना फारसं काही जाणवलंच नाही. जाणवलं ते वरच्या मजल्यांवर. तिथं एखाद्या घराच्या बैठकीत सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, असते, चार पितळी कड्यांवर टांगलेली, आजोबांच्या काळापासूनची. ती हलू लागली. तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं, खिडकी बंद होती, पंखा बंद होता. कड्यांचा तो ओळखीचा किर्र आवाज, एरवी कुणाच्या तरी विश्रांतीचा, त्या दिवशी रिकाम्या फळीखालून आला. स्वयंपाकघरातल्या बादलीत पाण्यावर बारीक वलयं धरली. मग आतून प्रश्न आला, “हललं का गं काही?” आणि शेजारच्या गॅलरीतून उत्तर, “भूकंप आला जी, खाली चला!”

दोन-चार सेकंदांत सगळं थांबलं होतं. बंगई तेवढी अजून झुलत होती.

राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची नोंद लवकरच मोबाइलवर फिरू लागली: वेळ ७ वाजून २७ मिनिटं, परिमाण ५.३, खोली ४० किलोमीटर, ठिकाण तेलंगणातलं मुलुगू. नागपुरातल्या घरांत हे नाव फारसं कुणाच्या ओठांवर नव्हतं. नकाशात बघितलं तर ते गोदावरीपलीकडे, गडचिरोलीच्या सिरोंच्याजवळच्या जंगलपट्ट्यात सापडतं. लकडगंजापासून सरळ रेषेत सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. एवढं अंतर कापायला त्या लाटांना मिनिट-दीड मिनिट लागलं असणार. म्हणजे तिकडे गोदावरीकाठी जमीन हलून गेली होती आणि इकडे शाळेची बस अजून निवांतपणे हॉर्न वाजवत होती. तो सरकत येणारा हादरा आलापल्ली, चंद्रपूर ओलांडून येत होता आणि पोह्यांवर तर्री वाढली जात होती. त्या मिनिटाचा विचार मनात आला की अंगावर काटा येतो.

इतक्या लांबचा धक्का इथपर्यंत पोचतो तो या भूमीच्या स्वभावामुळे. दख्खनचा आणि गोंडवनाचा हा खडक फार जुना, थंड आणि कठीण. मऊ, भेगाळलेल्या जमिनीत लाटेचा जोर लवकर मुरतो, कठीण खडकात ती दूरवर टिकते. त्यातून भूकंप ४० किलोमीटर खोल झाला, त्यामुळे तो एका जागी मोडतोड करण्याऐवजी मोठ्या प्रदेशात पातळ पसरला. नागपूर शहर तर दोन खडकांच्या सीमेवर वसलेलं. पश्चिमेला ज्वालामुखीचा काळा बेसाल्ट, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन पट्टिताश्म. स्टीफन हिस्लॉप हा पाद्री एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला याच सीताबर्डी-टाकळीच्या परिसरात जीवाश्म वेचत फिरला आणि या खडकांच्या थरांचं वर्णन लिहून ठेवून गेला. लकडगंज शहराच्या पूर्व अंगाला आहे. तिथल्या फरशीखाली, भरावाखाली आणि मातीखाली पृथ्वीचं फार जुनं हाड आहे, आणि त्या सकाळी ते ठणकलं.

भूकंपाच्या धोक्याच्या २००२ च्या नकाशात नागपूर दुसऱ्या विभागात येतं, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. या ‘सर्वांत कमी’चा इतिहास मात्र सांगायलाच हवा. १९९३ पूर्वीच्या नकाशात त्याहूनही निर्धास्त असा पहिला विभाग होता आणि किल्लारी त्यात होती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या थकव्यानं गावं गाढ झोपलेली असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं घरांखाली गाडली गेली. नंतर नकाशा नव्यानं आखला तेव्हा तो पहिला विभागच काढून टाकला. किल्लारीचं परिमाण ६.२ होतं. मुलुगूच्या ५.३ शी तुलना केली तर आकडा एकानंही वाढत नाही, पण मोकळी झालेली ऊर्जा वीसपटीहून जास्त भरते.

नागपूरकरांच्या आठवणीत मुलुगूआधीची मोठी खूण जबलपूरची. २२ मे १९९७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. मे महिन्यातलं नागपूर, म्हणजे अर्धं शहर गच्चीवर खाटा टाकून झोपलेलं. खाट हलली आणि माणसं उठून एकमेकांना विचारू लागली, “तू हलवली का बे?” जबलपूरला तिकडे घरं पडली होती, माणसं गेली होती. चमत्कारिक गोष्ट अशी की ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीच झाला होता. कोयना, किल्लारी, जबलपूर, तिन्ही पहाटेच्या अंधारातले. त्यामुळे आपल्याकडे भूकंप म्हटलं की झोपेतून खेचून काढणारी गोष्ट असंच मनात बसलेलं. मुलुगूचा धक्का उजेडात आला. माणसं जागी होती, उभी होती, डोळ्यांनी बघत होती, तरीही काय बघतो आहोत हे त्यांना पहिल्या क्षणी कळलं नाही. जिथं भूकंप नित्याचा असतो तिथं शरीर आधी पळतं आणि मन मागून येतं. इथं माणसं टांगलेल्या दिव्याकडे बघत उभी राहिली.

लकडगंजात सगळेच मात्र तसे उभे राहिले नाहीत.

लाकडाच्या या व्यापारात कच्छहून आलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कच्छी पाटीदारांनी देशभर आरा मशीन उभ्या केल्या, तशा इथंही. त्यांच्या घरात २६ जानेवारी २००१ ही तारीख प्रजासत्ताक दिनाआधी दुसऱ्याच कशासाठी आठवली जाते. भुजचा भूकंप, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं, ७.७ परिमाण. अंजारच्या अरुंद गल्लीतून झेंडे घेऊन निघालेली शाळेची प्रभातफेरी ढिगाऱ्याखाली गेली. १८५ मुलं आणि २० शिक्षक. गुजरातभर मृतांचा आकडा तेरा हजारांवर गेला. ते दिवस ज्यांनी एका फोनच्या आशेवर, कुठलीच लाइन लागत नसताना काढले, त्यांना बंगईचा किर्र आवाज कशाचा आहे हे विचारावं लागत नाही. अशा घरातली म्हातारी माणसं बाकीच्यांच्या आधी जिना उतरतात आणि सगळे परत वर गेल्यावरही भिंतीपासून लांब, रस्त्याच्या मधोमध उभी राहतात. जमिनीची भीती लकडगंजच्या मातीत नाही. ती माणसांबरोबर इथं राहायला आली आहे.

लाकूडही इथं दोन वाटांनी येतं. एक वाट आलापल्ली-बल्लारशाच्या सागवानाची. या मुलखाचं नाव एवढं मोठं की नव्या संसद भवनासाठी सागवान नागपुरातून गेलं. दुसरी वाट कांडला बंदराची, जिथं परदेशातले ओंडके उतरतात. म्हणजे एक वाट गोदावरीच्या अंगाची, दुसरी थेट कच्छची. मुलुगूच्या जंगलात तर त्याच वर्षी ३१ ऑगस्टला वादळानं हजारो झाडं आडवी केली होती. ज्या अरण्यातून झाडं पडल्याची बातमी आली, त्याच बाजूनं तीन महिन्यांनी हा हादरा आला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, तरी लाकडात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मनात ती दोन टोकं आपोआप जुळतात.

आणि लाकडाला हादरा कळतो. किल्लारीच्या पट्ट्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं मातीचं ओझं लोकांच्या अंगावर आलं, पण पुष्कळ घरांत खणांचे लाकडी खांब आणि तुळया भिंती ढासळल्यावरही उभ्या राहिल्या. कच्छमधले गोल भुंगे, म्हणजे मातीची आणि हलक्या छपराची घरं, आजूबाजूच्या पक्क्या इमारती कोसळल्या तिथं टिकले. सागाची तुळई वाकते, कुरकुरते, सांध्यात थोडी सरकते आणि तेवढ्यात धक्क्याचा जोर खाऊन टाकते. इतवारी-महालातल्या जुन्या वाड्यांच्या सुतारांनी खुंटी मारताना भूकंपाचा विचार केला नसेल. पाऊस, वाळवी आणि नातवंडं एवढ्यांचा केला असेल. ते वाडे हादऱ्यातही थोडं हलून सावरण्याजोगे झाले, ही त्यांच्या हाताची पुण्याई. तेच वाडे पाडून आता चार मजली सिमेंटची घरं उठतात. त्यांच्या तळमजल्याला गाड्या ठेवायला फक्त खांब असतात, भिंती नसतात. अशी घरं बघताना काळजी वाटते. भूकंपाचे अभियंते अशा मोकळ्या तळमजल्याला सर्वांत दुबळा मजला मानतात, भुजनंतर तर फारच.

त्या बुधवारी दहा वाजेपर्यंत बाजार उघडला. ओंडक्यांच्या ढिगांखालच्या पाचरी एकदा हातानं चाचपून झाल्या, आरा सुरू झाला, भुशाचा तो कोरडा गोड वास गल्लीत पसरला. दुपारपर्यंत बातमीही बदलली. मुंबईत देवेंद्र फडणवीस विधिमंडळ पक्षनेते म्हणून निवडले गेले होते आणि नागपुरात चौकाचौकात तोच विषय होता. मोठं नुकसान कुठं झालं नव्हतं. शाळेतून परतलेल्या मुलांना मात्र बोलायला दिवस पुरला नाही. कुणाची बाटली बाकावरून पडली, कुणाच्या आजीनं शेषानं मान हलवली असं सांगितलं, कुणाला काहीच कळलं नाही आणि त्याचंच वाईट वाटत होतं.

त्यातल्या एखाद्या मुलानं बंगईबद्दल विचारलं तर त्याला सांगायला गोष्ट फार सोपी आहे. दोन मीटर कड्यांवर टांगलेली बंगई एका पूर्ण झोक्याला पावणेतीन सेकंदांच्या आसपास घेते. छत सरकलं तर जड फळी क्षणभर आपल्या जागीच राहते, आणि म्हणून आपल्याला ती हलताना दिसते. जुनी भूकंपमापन यंत्रं याच तत्त्वावर चालत.

रात्री दिवे मालवताना त्या घरातली आजी बंगईपाशी थांबली. फळीवर नेहमीसारखं काहीतरी वाळत टाकलेलं होतं, ते तिनं उचलून घेतलं. कड्या हातानं धरून बंगई अगदी स्थिर केली, हात काढला आणि अंधारात थोडा वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली.