तुमच्या पेपरात आलं म्हणून पैसे भरले

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका निमसरकारी कार्यालयाची निविदा सूचना छापायला आली. संगणक आणि सर्व्हरच्या देखभालीचं वर्षाचं कंत्राट. अटींमध्ये सातव्या नंबरला लिहिलं होतं की कंत्राटदाराकडे किमान एक ‘एमसीएसई’ प्रमाणित अभियंता असावा. प्रूफ वाचताना मी तिथंच अडकलो. मायक्रोसॉफ्टनं एमसीएसई देणं ३१ जानेवारी २०२१ ला बंद केलंय. त्यानंतर जगात कुणालाच ते नव्यानं मिळालेलं नाही. म्हणजे आज शिकून बाहेर पडलेल्या पोराला ही अट पूर्ण करणं शक्यच नाही, मग तो कितीही हुशार असो.

मी काही कॉम्प्युटरवाला नाही. तरी ही तारीख मला तोंडपाठ आहे. का, ते सांगतो. पोस्ट लांबेल, पण वाचा.

२०२० चा जुलै. लॉकडाउन चालू होतं, जाहिराती आटल्या होत्या, वरून टार्गेटचा तगादा होताच. बारावीचा निकाल लागला आणि आम्ही ‘करिअर विशेष’ पान काढलं. एका कॉम्प्युटर क्लासनं अर्ध्या पानाची जाहिरात दिली आणि सोबत बातमीसारखा मजकूर मागितला. तो मी लिहिला. ‘जगभर मान्यताप्राप्त प्रमाणपत्र, आयुष्यभराची शिदोरी’ असं मथळ्यात टाकलं. बाइलाइन नव्हती, पण गावात कुणी लिहिलंय ते सगळ्यांना कळतं.

आमच्या पेपरचे वितरक आप्पा. पहाटे चारला स्टँडवर गठ्ठे उतरवून घेणारा माणूस. त्यांचा मुलगा बीसीए झालेला. ते पान वाचून आप्पांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि अडतीस हजार भरून पोराला एमसीएसएला घातलं. हा एमसीएसईच्या खालचा टप्पा. त्याला तीन पेपर असायचे, ७०-७४०, ७०-७४१ आणि ७०-७४२. पोरगं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्र रात्र अभ्यास करायचं. डिसेंबरपर्यंत दोन पेपर निघाले. तिसऱ्यात जानेवारीच्या मध्यावर थोडक्यात गेला. क्लासवाले म्हणाले, काळजी नको, फेब्रुवारीत पुन्हा दे.

फेब्रुवारीत त्यानं लॉगिन केलं तर पेपरच नव्हता. ३१ जानेवारीला तिन्ही पेपर कायमचे बंद झालेले. दोन पास असूनही हातात एमसीएसए नाही.

खरं लागणारी गोष्ट पुढेच आहे. मायक्रोसॉफ्टनं हे गुपचूप केलेलं नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्येच जाहीर केलं होतं, आधी ३० जून ही तारीख दिली, मग कोरोनामुळे ३१ जानेवारीपर्यंत वाढवली. म्हणजे मी ते पान लिहिलं तेव्हा ही माहिती कंपनीच्या साइटवर पाच महिने पडून होती. क्लासवाल्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. आणि मी? दहा मिनिटं काढून बघितलं असतं तर मलाही कळलं असतं. नाही बघितलं.

आप्पा भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुमच्या पेपरात आलं म्हणून पैसे भरले, साहेब.” एरवी ते मला नावानं हाक मारतात.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. आपल्याकडं प्रमाणपत्र म्हणजे फ्रेम करून भिंतीला लावायची वस्तू. एमएससीआयटी एकदा केलं की झालं. माझा पत्रकारितेचा डिप्लोमा २००३ चा. त्यात आम्हाला पेजमेकर शिकवलं होतं. ते पेजमेकर कधीच इतिहासजमा झालं, डिप्लोमा अजून भिंतीवर आहे आणि कुणी मला तारीख विचारत नाही.

आयटीतलं प्रमाणपत्र मात्र भाड्याच्या घरासारखं असतं. मुदत संपली की करार नवा, आणि मालक मधेच घराचा नकाशाही बदलू शकतो. सिस्कोचं सीसीएनए तीन वर्षं चालतं. पुढं चालू ठेवायचं तर परीक्षा द्या किंवा शिक्षणाचे ३० क्रेडिट जमवा. पूर्वी सीसीएनएचे सुरक्षा, वायरलेस, डेटा सेंटर असे वेगवेगळे प्रकार होते. २४ फेब्रुवारी २०२० ला सगळे मोडून एकच सीसीएनए केलं. कॉम्पटियाचं ए प्लस २०१० संपेपर्यंत आयुष्यभरासाठी मिळायचं, २०११ पासून तीन वर्षांचं झालं. रेड हॅटच्या आरएचसीईचं नाव तेच राहिलं, पण आतला अभ्यास २०१९ मध्ये बदलून अ‍ॅन्सिबलवर गेला. एमसीएसईची तर अक्षरं तीच ठेवून २०१२ मध्ये अर्थच बदलला होता. आधी सिस्टिम्स इंजिनिअर, नंतर सोल्युशन्स एक्स्पर्ट.

आता यात कंपन्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. सर्व्हर खोलीतून उठून क्लाउडवर गेला, तर जुन्याच परीक्षेवर पोरांना पास करून काय उपयोग? डॉक्टरांनाही महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्यासाठी क्रेडिट गुण लागतात. पण ती परिषद कायद्यानं उभी आहे. तिथं तक्रार करता येते, विधानसभेत प्रश्न विचारता येतो. इथं नियम करणारी कंपनी, बदलणारी कंपनी आणि फी घेणारीही तीच. सूचना निघते ती इंग्रजीत, तिच्या साइटवर. पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसातल्या माणसाला ती दुसऱ्या दिवशी कळते. आमच्या तालुक्याला कळते तेव्हा आप्पांचा हप्ता चालू झालेला असतो.

आप्पांच्या पोरानं हार मानली नाही. २०२२ मध्ये स्वतः शिकून एझेड-१०४ काढलं, हिंजवडीत लागला. या प्रमाणपत्राची मुदत एकच वर्ष. पण त्याचं नूतनीकरण फुकट आहे, घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून. मुदतीच्या आधी सहा महिने खिडकी उघडते, नापास झालात तरी पुन्हा देता येतं. यानं नोंदणी कंपनीच्या ईमेलवर केली होती. नोकरी बदलली, ईमेल बंद झाला, आठवण करून देणाऱ्या मेल तिकडंच गेल्या. मुदत हुकली आणि सगळी परीक्षा पुन्हा फी भरून द्यावी लागली. “काका, दोन्ही वेळी अभ्यास कमी नाही पडला, तारीख चुकली,” असं तो म्हणाला.

म्हणून पालकांना आणि पोरांना हात जोडून सांगतो. क्लासला पैसे देण्याआधी परीक्षेचा कोड विचारा आणि तो कंपनीच्याच साइटवर टाकून बघा. बंद होणार असेल तर तारीख तिथं लिहिलेली असते. नोंदणी स्वतःच्या ईमेलवर करा. मुदतीची तारीख घरातल्या कालनिर्णयवर लाल पेनानं लिहा, म्हणजे आईच्याही डोळ्यासमोर राहील. मायक्रोसॉफ्टच्या अशा नूतनीकरणासाठी कुणी पैसे मागितले तर उठून या.

आणि त्या निविदेचं? मी कार्यालयात फोन केला. क्लार्क म्हणाला, “मागच्या वर्षीचीच अट आहे साहेब, कॉपी केलीय. तुम्ही लेखी द्या.” लेखी दिलंय, पोच घेतलीय. जाहिरात मात्र आहे तशीच छापली, कारण तिचे पैसे येतात आणि मजकूर बदलायचा अधिकार आम्हाला नाही. निविदा भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. तोवर शुद्धिपत्रक निघालं तर इथंच कळवतो. नाही निघालं तर तेही कळवतो.

ही पोस्ट टाकण्याआधी आप्पांना विचारलं, लिहू का तुमचं? ते म्हणाले, “लिहा की. पण या वेळी नीट बघून लिहा.”

बघून लिहिलंय. तरी आयटीतल्या मित्रांना काही चुकीचं दिसलं तर खाली सांगा, दुरुस्त करतो. आणि तुमच्या गावातल्या निविदेत, नोकरीच्या जाहिरातीत असं बंद पडलेलं प्रमाणपत्र मागितलेलं दिसलं तर फोटो पाठवा. एकेक करून लेखी देत राहू.