चिखलदऱ्याला किती वॉट लागतात?

थंड हवा, धुकं, कॉफी आणि वाघ... विदर्भाच्या एकुलत्या एक हिल स्टेशनला लोक यासाठी जातात. आम्ही गेलो होतो बेस गिटारचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर ठरवायला!

हिल स्टेशन म्हटलं की मुंबई-पुण्याच्या पब्लिकची गाडी लोणावळा, महाबळेश्वर, फार तर माथेरान, इथेच अडकते. चिखलदरा म्हटलं की ‘ते कुठं आलं?’ हा प्रश्न ठरलेला. तर मंडळी, ते आलं अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचं पुढे चिखलदरा झालं, ही गोष्ट तिथे चहाबरोबर फुकट मिळते. हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनला १८२३ मध्ये ही जागा सापडली आणि साहेब लोकांची उन्हाळ्याची सोय झाली.

आमची सोय वेगळी होती. आमचा चौघांचा ऑफिस बँड आहे. नाव सांगत नाही, कारण ते दर गणपतीत बदलतं. मी बेस वाजवतो. आमचा गिटारिस्ट अमरावतीचा. त्यानं जुलैमध्ये कॅन्टीनमध्ये दोन बातम्या एका दमात सांगितल्या. डिसेंबरमध्ये त्याचं लग्न, रिसेप्शन चिखलदऱ्याच्या एका लॉनवर आणि वाजवायचं आपणच. दुसरी बातमी अशी की, जानेवारीपासून तो नोकरी सोडून घरचं दुकान बघणार. अभिनंदन सगळ्यांनी पहिल्या बातमीचं केलं. दुसरीवर कोणी काही बोललं नाही. मुंबईत चार वर्षं दर शनिवारी भेटणारा बँड अमरावती ते मुंबई अशा अंतरावर टिकतो का, हे विचारायची हिंमत कोणातच नव्हती.

त्यात माझा प्रश्न. प्रॅक्टिस रूममध्ये अ‍ॅम्प तिथला असतो, आपण फक्त वायर खुपसायची. चिखलदऱ्याला ती चैन नाही. स्वतःचा पॉवर अ‍ॅम्प घ्यायचा तर बोनसचा मोठा तुकडा जाणार. मग सप्टेंबरअखेरच्या एका लाँग वीकेंडला रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडून गिटारिस्ट, ड्रमर आणि मी जागा बघायला निघालो.

चव आणि गॅस

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी छोटासा फंडा. बेसच्या रिगमध्ये तीन गोष्टी असतात. प्रीअ‍ॅम्प आवाजाला चव देतो. पॉवर अ‍ॅम्प म्हणजे गॅसची शेगडी, ती फक्त ताकद पुरवते. आणि स्पीकरचा डबा म्हणजे कढई. शेगडी कितीही मोठी आणली तरी कढई पातळ असेल तर पदार्थ करपणारच.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारानं दोन पर्याय समोर ठेवले होते. पहिला जुन्या पद्धतीचा, आत भला मोठा ट्रान्सफॉर्मर, वजन १७ किलो, दोन चॅनल, ४ ओहमला प्रत्येकी ७०० वॉट. दुसरा क्लास डी जातीचा, वजन जेमतेम ३ किलो, ४ ओहमला ६०० वॉट आणि किंमत मात्र पहिल्यापेक्षा जास्त. ड्रमरचं मत पक्कं होतं. “कमी पैशात जास्त वॉट मिळतायत, विचार कसला करतोस?” मी म्हटलं, आधी जागा बघू.

तोफा ओढणारी माणसं

अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर. ते सोडलं की घाट सुरू होतो आणि साग तुमच्या खिडकीशी येतो. पावसाच्या शेवटाला इथलं धुकं असं असतं की समोरचं वळण ड्रायव्हर आठवणीनं घेतो. सामान डिकीत आदळत असतं आणि आपण मनातल्या मनात त्याचं वजन करत असतो.

वजनाचा धडा या डोंगरानं फार आधी देऊन ठेवलाय. चिखलदऱ्याला लागूनच गाविलगड आहे. १८०३ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे होता. आर्थर वेलस्लीला, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला, तो घ्यायचा होता. किल्ल्याची उत्तरेची बाजू त्यातल्या त्यात सोपी. पण तोफा तिथवर न्यायला रस्ताच नव्हता. कर्नल स्टीव्हनसनच्या तुकडीनं डोंगरातून वाट तयार करत, अवजड तोफा बराचसा भाग हातांनी ओढत सुमारे ३० मैल नेल्या. १५ डिसेंबर १८०३ ला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला.

आज किल्ल्यात गवत, तलाव, पडके दरवाजे आणि प्रचंड शांतता आहे. तटावर बसून ड्रमरनं विचारलं, “तुझे १७ किलो वर कोण आणणार?” तोफा न्यायला साहेबाकडे फौज होती. माझ्याकडे हा ड्रमर, आणि त्याला स्वतःचेच ड्रम असतात.

पाच वेळा बोलणारी दरी

दुपारी पंचबोल पॉइंट गाठला. इथे हाक मारली की दरी पाच वेळा उत्तर देते, म्हणून पंचबोल. आमच्या आधी आलेला एक ग्रुप बॉसच्या नावानं मनसोक्त ओरडत होता. दरी इमानदारीत प्रत्येक शिवी परत पाठवत होती. ओ देणारे डोंगर वेगवेगळ्या अंतरावर आहेत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका सेकंदानं परत आलेली हाक १७० मीटरवरच्या कड्याला आपटून आलेली असते.

पर्यटकाला ही मजा, वाजवणाऱ्याला हा इशारा. खोलीत भिंती बेसचा आवाज लगेच परत देतात आणि तो भरल्यासारखा वाटतो. उघड्यावर तो नुसता निघून जातो. समोर दरी असेल तर उशिरा, भलत्या ठोक्यावर परत येतो. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर, मंद्र ई, ४१ हर्ट्झचा असतो. त्याची एक लाट ८ मीटरहून लांब. एवढ्या लांब लाटेला झाड म्हणजे काडी. ती वळसा घालून पुढे जाते.

याचा पुरावा त्याच संध्याकाळी मिळाला. खालच्या कुठल्यातरी कोरकू पाड्यावर ढोल वाजत होता. कोरकू ही इथली मूळ माणसं. त्यांची भाषा मुंडा कुळातली, संथाळीची लांबची बहीण. ढोलाबरोबर नक्कीच कोणीतरी गात असेल. पण आमच्यापर्यंत गाणं पोचत नव्हतं, पोचत होता तो फक्त ठोका. वीज नाही, वॉट नाही, तरी जंगलातून आरपार.

लॉनवरचं गणित

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष जागा. लॉन २५ मीटर लांब, एका टोकाला जुन्या बंगल्याची दगडी भिंत, दुसऱ्या टोकाला दरी. परतवाड्याचे साउंडवाले भाऊ मोटारसायकलवरून येऊन थांबले होते. डबे त्यांचे होते, १५ इंची स्पीकरचे दोन. मी आधी पाठीवरची पट्टी वाचली. ८ ओहम, ४०० वॉट.

“भाऊ, वॉट काय पाहून राह्यले?” ते म्हणाले. “वॉट कागदावर रायते. आवाज डब्यातून येते.”

एका वाक्यात पुस्तक! वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. उलट डबा चांगला असेल तर तो तेवढ्याच वॉटमध्ये जास्त आवाज देतो. भाऊंच्या डब्याच्या कागदावर १ वॉटला १ मीटरवर ९८ डेसिबल लिहिलेले. ३०० वॉट दिले तर हिशेबानं १२२ च्या पुढे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ वजा, म्हणजे १६ मीटरवर ९८ च्या आसपास. मंद्र सुरांना प्रत्यक्षात याहून कमी मिळतं, पण डबे दोन आहेत. दीडशे पाहुण्यांना आणि एका हट्टी आजोबांना पुरे.

दोन ८ ओहमचे डबे एकत्र जोडले की अ‍ॅम्पला ४ ओहम दिसतात. ड्रमरची आयडिया होती की मोठा अ‍ॅम्प ब्रिज करायचा, म्हणजे दोन्ही चॅनल जुंपून एक. पण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला निम्माच भार दिसतो. ४ चे २ ओहम होतात आणि बऱ्याच अ‍ॅम्पना ते झेपत नाही. पेटी गरम, प्रोटेक्शनचा लाल दिवा, आणि वरमाला शांततेत.

डबे दरीकडे पाठ करून ठेवायचे की बंगल्याच्या भिंतीला टेकून? मी भिंत निवडली. स्पीकर भिंतीला लागून जमिनीवर ठेवला की मागे जाणारा मंद्र आवाज पुढे फिरतो. मोकळ्या जागेपेक्षा ६ डेसिबलपर्यंत फायदा, म्हणजे चौपट वॉटचं काम. दगडी भिंतीचं भाडं शून्य! तोंड दरीकडे येत होतं, पण मध्ये पाहुण्यांची गर्दी होती आणि आवाज बेताचा ठेवायचा होता. दरीला उत्तर द्यायला फारसं काही उरणार नव्हतं.

“आन् व्होल्टेज?” भाऊंनी आठवण दिली. “जनरेटरवर लाइटिंग, जेवनाचं, समदंच हाय. एखाद्या टायमाले खाली येते.” ट्रान्सफॉर्मरवाल्या साध्या अ‍ॅम्पला व्होल्टेज कमी मिळालं की त्याची ताकदही त्याच्याबरोबर उतरते. हलक्या अ‍ॅम्पच्या मागे मात्र १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं होतं. फोनमध्ये फोटो होता, पुन्हा एकदा पाहून घेतला.

रात्री दहा

शेवटचा मुद्दा वॉटचा नव्हता. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. ते जंगल या लॉनच्या कुंपणापलीकडे, दरीच्या उतारावर सुरू होतं. वाघाच्या डरकाळीत १८ हर्ट्झच्या आसपासचे, माणसाच्या कानाला न ऐकू येणारे सूर असतात, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी २००० मध्ये मांडलं. म्हणजे या दरीचा खरा बेसिस्ट आधीच ठरलेला आहे आणि त्याला अ‍ॅम्प लागत नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. मुंबईत आपण हा नियम पोलीस येईपर्यंत पाळत नाही. इथे मात्र वरचे सूर झाडं गिळतात आणि पाड्यावर, जंगलात पोचतो तो फक्त बेस. म्हणजे माझाच आवाज. गिटारिस्टच्या वडिलांनी विचारलं, “बाळा, किती वाजेपर्यंत?” मी म्हटलं, “काका, पावणेदहा.” त्यांचा चेहरा सैल झाला. त्या गावात त्यांना नंतरही राहायचं होतं.

मुंबईत परतल्यावर मी ३ किलोवाला घेतला. ड्रमर आठवडाभर कुरकुरला. डिसेंबरमध्ये तो अ‍ॅम्प लॅपटॉपच्या सॅकमधून घाट चढला. गारठ्यातून उबदार खोलीत आणल्यावर तासभर बंदच ठेवला, आत ओल धरू नये म्हणून. रिसेप्शनला अर्ध्याहून थोडा वर फिरवला आणि पावणेदहाला बंद केला. शेवटच्या रांगेतले आजोबा स्वतः येऊन सांगून गेले की पोटात वाजत होतं.

पण अ‍ॅम्पची खरी परीक्षा फेब्रुवारीत झाली. गिटारिस्टचं दुकान रविवारी बंद असतं. शुक्रवारी रात्री ऑफिसमधून थेट सीएसएमटी, खांद्यावर बेस, पाठीवर अ‍ॅम्प, वरचा बर्थ. सकाळी अमरावती. डबे साउंडवाल्या भाऊंचे, भाडं घरच्यासारखं. १७ किलो असते तर ही वारी एकदाच झाली असती. आता महिन्यातून एक होते. ड्रमर अजून वॉटबद्दल बोलतो, पण तिकीट आधी तोच काढतो.

पॉवर अ‍ॅम्प घेण्याआधी

• आधी डब्याच्या पाठीवरचे ओहम आणि वॉट वाचा, मग अ‍ॅम्प बघा. डब्यांचे मिळून जितके ओहम होतात, तितक्यांना अ‍ॅम्प किती वॉट देतो ते तपासा.
• डब्याच्या वॉटपेक्षा थोडा जास्त ताकदीचा अ‍ॅम्प चालतो. पूर्ण पिळलेला छोटा अ‍ॅम्प आवाज फाडतो आणि स्पीकरही बिघडवू शकतो.
• ब्रिज करायचा असेल तर कमीत कमी किती ओहम चालतात ते मॅन्युअलमध्ये पाहा.
• पंख्याचा आवाज, अर्थिंग आणि व्होल्टेजची मर्यादा दुकानातच तपासा.
• उचलून पाहा. तिसऱ्या मजल्यापर्यंत.

चिखलदऱ्याला जायचं तर

• मुंबईहून रेल्वेनं अमरावती किंवा बडनेरा, पुढे परतवाड्यामार्गे रस्त्यानं.
• धुकं आणि धबधबे हवेत तर जुलै ते सप्टेंबर, थंडी हवी तर डिसेंबर-जानेवारी.
• भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड आणि पंचबोल चुकवू नका. इथे पिकणारी कॉफी जरूर प्या.
• पंचबोलला एकच हाक मारा आणि गप्प बसा. पाचही उत्तरं ऐकू येतील.