डोलकाठीखालचे लाकूड

इ. स. १९६२ साली लंडन शहरी थेम्स नदीच्या गाळातून एका रोमन गलबताचे अवशेष हाती आले. डोलकाठीचे बूड ज्या खोबणीत बसे, तीत डोमिशियन बादशहाच्या काळचे एक नाणे ठेवलेले आढळले. त्याची जी बाजू वर केलेली होती, तिजवर हाती सुकाणू धरलेली भाग्यदेवता कोरलेली होती. जहाजाचे सारे वैभव वर, शिडांत. पण त्या नावाड्यांनी देवतेची आठवण ठेवली ती मात्र जेथे कोणाची दृष्टी पोहोचत नाही अशा जागी. यात भाबडेपणा असेल, पण शहाणपणही आहे.

हे सुचण्यास कारण झाले आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र. हा गृहस्थ अमेरिकेत, चेसापीक उपसागराच्या काठी राहतो. त्याने पन्नासहून अधिक वर्षांची एक शिडाची नौका विकत घेतली. १९५९ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात कार्ल आल्बर्ग यांच्या आराखड्याची ‘ट्रायटन’ नौका मांडली गेली आणि तेव्हापासून काचतंतूंच्या कौटुंबिक नौकांचे युग सुरू झाले. त्याच युगातील ही एक. तिच्या डोलकाठीखालचे डेक बशीसारखे खचले होते. पावसाचे पाणी तेथे साचे, आणि आतील आडभिंतीचे दार बसता बसत नसे. “सर, दार घासून काढू का?” असे त्याने प्रथम विचारले होते.

दाराचा काय अपराध? जुन्या लाकडी जहाजांत डोलकाठी डेक भेदून तळाच्या कण्यावर उभी असे. या नौकांत ती डेकवरच टेकते आणि तिचा भार खालच्या खांबाने वा आडव्या तुळईने तोलावयाचा असतो. डेक म्हणजे काचतंतूंचे दोन पातळ पापुद्रे आणि पुरणपोळीतील पुरणाप्रमाणे मध्ये हलके बाल्सा लाकूड. पुन्हा, भार केवळ काठीच्या वजनाचा नव्हे. काठी सावरणारे बाजूचे तारेचे तणावे तिच्याशी सुमारे बारा अंशांचा कोन करतात असे धरू. तणाव्यात शंभर किलोंची ओढ असली, तर तीपैकी अवघी एकवीस किलो आडवी लागते. खाली दाबणारी असते अठ्ठ्याण्णव किलो! काठी उभी ठेवण्याची किंमत तिच्या पायाखालचे लाकूड अशी मोजीत असते.

ते लाकूड कुजते कशाने? वाचकांस वाटेल, समुद्राच्या खाऱ्या पाण्याने. वस्तुतः खरा शत्रू पाऊस. कुजविणाऱ्या बुरशीस मिठाचे वावडे आहे. म्हणूनच जुने जहाजबांधे लाकडी सांगाड्याच्या फटींत मीठ भरीत असत. गोडे पाणी एखाद्या सैल स्क्रूच्या भोकातून थेंबथेंब आत जाते, आणि वरचा पापुद्रा चकचकीत असतानाच आतील बाल्साचा काळा लगदा होतो.

येथे या रोगाची खरी गोम आहे. डेक खचले की डोलकाठी खाली येते. ती खाली आली की तणावे ढिले पडतात. ढिले दिसले की मालक ते आवळतो. आवळले की काठी अधिक दाबते आणि डेक अधिक खचते. प्रत्येक वेळी माणूस जे करतो ते वरवर अगदी योग्य दिसते! आम्ही अध्यापनात आयुष्य घालविले, म्हणून आम्हांस येथे आमचेच क्षेत्र आठवले. मुलांचा पाया कच्चा राहिला की निकाल घसरतो. निकाल घसरला की परीक्षा वाढवितात, तास वाढवितात. तणावे आवळण्यास सारे तयार. डेक उघडून पाहण्यास कोणी नाही.

नौकेच्या बाजारात एका कारागिराने स्वस्त तोड सुचविली: चार भोके पाडावी, आत राळ ओतावी आणि वरून रंग द्यावा. ओल्या लगद्यास राळ धरत नाही, हे विद्यार्थ्यास ठाऊक होते. पण खर्च पाहून त्याचे मन डळमळले. तेव्हा त्याची पत्नी म्हणाली, “त्या काठीखाली तुम्ही मुलीला बसवाल का, एवढेच सांगा.” प्रश्न तेथेच मिटला.

हिवाळ्यात नौका जमिनीवर आली. क्रेनने काठी उतरविली. खालून जॅक लावून डेक दररोज थोडेथोडे उचलले. घाई केली असती तर पापुद्रे तडकले असते. मग वरचा पापुद्रा कापून कुजके लाकूड खरवडले, आणि लाकडावर काठीने टकटक करता बद्द आवाज जाऊन खणखणीत आवाज येईपर्यंत मागे सरकत गेले. जागा सुकल्यावर काठीखाली पुन्हा लाकूड न घालता काचकापड आणि इपॉक्सी यांचे थरावर थर देऊन भरीव ठोकळा केला. खांबाचे तळाच्या ओलीत कुजलेले बूडही बदलले. स्क्रूचे प्रत्येक भोक प्रथम मोठे केले, इपॉक्सीने भरले आणि त्या भरावात नवे पाडले. आता तेथून पाणी झिरपले तरी लाकडास शिवणार नाही.

इतके करून बाहेरून काय दिसते? काही नाही. पूर्वीसारखेच पांढरे डेक. उत्तम दुरुस्तीचे हे दुर्दैव म्हणावे की भूषण, हे आम्हांस सांगता येत नाही. पत्राच्या अखेरीस विद्यार्थ्याने एकच ओळ लिहिली आहे: दार आता एका बोटाने लागते, आणि त्यास आम्ही रंधा लावला नाही.