दादीचे हात

वाणगाव हे नाव बहुतेकांनी रेल्वेच्या खिडकीतूनच वाचलेले असते. बोईसर सोडले की वाणगाव आणि मग डहाणू रोड. गाडी क्षणभर थांबते, मिरचीची पोती चढतात आणि गाडी निघते. त्या फलाटावर आम्ही चौघे कॉलेजची तीन वर्षे उभे राहिलो. आमच्यातले दोघे मोहल्ल्यातले, एक वारली पाड्यावरचा आणि एक मिरचीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. चौघांनाही एकच वेड होते, ते सिनेमा काढण्याचे.

ही गोष्ट 2005-06 ची. डहाणूपर्यंत लोकल आली ती 2013 साली. तेव्हा शटलच्या वेळेवर सारा दिवस बांधलेला असे. आमच्या पटकथा शटलमध्येच लिहिल्या गेल्या. उमरोळी येईपर्यंत नायक मरायचा आणि पालघर येईपर्यंत आम्ही त्याला पुन्हा जिवंत करायचो. 2004 साली 'श्वास'ला सुवर्णकमळ मिळाले, ऑस्करला जाण्यासाठी लोकांनी वर्गणी दिली, तेव्हा मराठीतही असे काही होऊ शकते हे आम्हाला पहिल्यांदा पटले. त्याच्या आधी 2000 साली मालेगावच्या नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला होता. व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस, साधा व्हिडिओ कॅमेरा आणि गल्लीतले नट! त्याची सीडी कोणीतरी आणली आणि आम्ही ती घासून जाईपर्यंत पाहिली. आपल्यासारखीच पोरे, आपल्यासारखाच मोहल्ला. मग आपण का नाही?

कॅमेरा होता बोईसरच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याचा. लग्नसराई नसेल तेव्हा तो भाड्याने द्यायचा. आमच्याजवळ मिनी डीव्हीची एकच कॅसेट होती, साठ मिनिटांची. तिच्यावर घ्यायचे, बघायचे, नको ते पुसून पुन्हा त्यावरच घ्यायचे, असा आमचा कारभार. त्यात भारनियमन. तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते, त्याच सुमारास तिथे नव्या भट्ट्या सुरू होत होत्या आणि आम्ही मात्र कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज करायला वीज कधी येते याची वाट बघत ओसरीवर बसायचो.

विषय ठरला मिरचीचा. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा लावून रोज थोडे थोडे चित्रण करून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती आणि त्या फिल्मच्या जोरावर 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे केले होते, हे आम्ही कुठेतरी वाचले होते. म्हटले, आपण मिरची दाखवू. रोपापासून वाशीच्या बाजारात जाणाऱ्या पोत्यापर्यंत. पण मिरची तोडतात बायका आणि आमच्या सिनेमात बाई कुठून आणायची? कॉलेजातल्या मुली घरी विचारायलाच तयार नव्हत्या. फाळक्यांनाही तारामती मिळाली नव्हती. उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती वठवली. आम्हीही आमच्यातल्या एकाला लुगडे नेसवून पाहिले. शेतातल्या बायका इतक्या हसल्या की तोडणी थांबली.

मोहल्ल्यातही कुजबुज सुरू झाली होती. जुम्म्याच्या नमाजनंतर एका बुजुर्गांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "बेटा, हे तसबीर-बिसबीरचे काय खूळ घेतलेय?" ते रागावले नव्हते, त्यांना काळजी वाटत होती. आपल्याच एका फातमा बेगम यांनी 1926 साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला आणि त्या भारतातल्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक मानल्या जातात, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. असते तरी बोलण्याची हिंमत झाली नसती. आम्ही मान खाली घालून "जी, चाचा" म्हटले.

अडचण सोडवली ती आमच्यातल्या एकाच्या दादीने. तिचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला होता, हजच्या पासपोर्टसाठी. लग्नानंतर चाळीस वर्षे तिने परक्यांच्या शेतात मिरची तोडली होती. ती म्हणाली, "माझं तोंड नका घेऊ. हात घ्या. हातांना काय पडदा?"

जानेवारीतली सकाळ होती. ओसरीवर गोणपाट टाकून दादी मिरचीच्या ढिगाजवळ बसली. चिरलेली, पिवळी पडलेली बोटे. सडकी मिरची बाजूला, चांगली बाजूला, तिच्याकडे न बघताच हात चालत होते. आणि न विचारता ती बोलू लागली. चौथीपर्यंत शिकली होती, मराठी शाळेत. मास्तरांनी घरी येऊन सांगितले होते की पोर हुशार आहे, पुढे शिकवा. बापाने मास्तरांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. मिरचीने हात आगीसारखे पेटायचे तेव्हा खोबरेल लावून तान्ह्या बाळाला दुरूनच झुलवायची, कारण त्या हातांनी त्याला शिवता येत नसे. तारापूरचे दिवे पहिल्यांदा लागले तेव्हा अख्खा मोहल्ला बघायला बाहेर आला होता. हे सगळे ती तिच्या बोलीत सांगत होती, अर्धी कोकणी, अर्धी मराठी. वीस मिनिटे. कॅमेऱ्यामागे आम्ही चौघे गप्प होतो. आपल्या हाती काय लागले आहे, हे मात्र आम्हाला कळले नव्हते.

पुढच्या महिन्यात कॉलेजचे स्नेहसंमेलन आले. तिथे सिनेमा दाखवायचा तर त्यात काही 'घडायला' हवे, असे ठरले. मग खलनायक आला, मिरचीच्या शेतातला पाठलाग आला, डोळ्यांत तिखट फेकण्याचा प्रसंग आला. कॅसेट एकच. घाईघाईत ती मागे फिरवली आणि चित्रण सुरू केले. ती किती मागे गेली हे कोणी पाहिले नाही. बटण कोणी दाबले हे आम्ही एकमेकांना तेव्हा विचारले नाही, आजवर विचारलेले नाही. म्हणूनच हा लेख 'आम्ही' लिहितो आहोत.

संमेलनात टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. त्या रात्री शटलमध्ये आम्ही राजे होतो. दादी आठवली ती दुसऱ्या दिवशी. कॅसेट लावून पाहिली तर पाठलाग होता, धूळ होती, आरडाओरडा होता. पाठलाग संपल्यावर शेवटी तिच्या चित्रणातले काही क्षण तेवढे उरले होते. दोन हात, ढिगावरून मिरची उचलणारे, आणि आवाज, "झालं का रे पोरांनो?"

दादी विचारायची, "मला कधी दाखवणार?" आम्ही सांगायचो, "एडिटिंग चालू आहे, दादी." ती मान हलवायची. एडिटिंग म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते. आम्ही खोटे बोलतो आहोत हे बहुधा ठाऊक होते. 2006 च्या रमजानमध्ये तिचा इंतकाल झाला. तिच्या हातांना शेवटचा खांदा देताना आम्हा चौघांपैकी कोणी कोणाकडे बघू शकले नाही.

पुढे फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा 2008 चा माहितीपट पाहिला. त्यात नासिरभाईंचा कॅमेरा पाण्यात पडतो, आणि तरी ते पुन्हा उभे राहतात. सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमागावरचा कामगार, हाडांचा सापळा. पुढे तो कर्करोगाने गेला. 2025 साली रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'मधून ही कहाणी देशभर पोचली. शफीक गेला, पण पडद्यावर तो उडतो आहे, हसतो आहे. त्याच्या मित्रांनी त्याला जपून ठेवले. आम्ही आमच्या दादीला पुसून टाकले, आणि तेही एका पाठलागासाठी.

आज आम्ही चौघे चार ठिकाणी आहोत. एक तारापूरच्या कारखान्यात, एक शाळेत, एक मिरचीत, एक परदेशात. सिनेमा कोणीच काढला नाही. ती कॅसेट एका डब्यात आहे. ती चालवणारे यंत्र आता सहज मिळत नाही. मिळाले की ते उरलेले क्षण उतरवून घ्यायचे आहेत.

गेल्या ईदला पुतणे-भाचे ओसरीवर मोबाइल उभा करून काहीबाही करत होते. पळणे, पडणे, पुन्हा पळणे. एकेकाच्या खिशात आमच्या त्या भाड्याच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी सरस कॅमेरा. आम्ही त्यांना बोललो नाही. पाठलाग आम्हीही केला होता. एवढेच सांगितले, "आत नानी शेवया करतेय. पहिल्यांदा तिच्याकडे जा. तोंड नको म्हणाली तर हात घ्या. आणि घेतलेले पुसू नका."

पोरे आत गेली. थोड्या वेळाने आतून नानीचा आवाज आला, "अरे, काय लावलंय हे?" आणि मग ती सांगू लागली.