कुरळं खातं

माझे केस एके काळी कुरळे होते, हे आज कुणालाही पटत नाही. पुरावा म्हणून कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो दाखवला, तर काउंटरवरचे सहकारी "हे कोण?" असं विचारतात. पस्तिशीपासून ते खातं रिकामं होत गेलं आणि चाळिशीत बंद झालं. मात्र त्याआधीच सगळी शिल्लक मुलीच्या नावावर वर्ग झाली होती.

मुलगी सातवीत. यंदा गॅदरिंगच्या तालमीत तिला मागच्या रांगेत उभं केलं. कारण काय, तर पुढच्या रांगेतल्या वेण्या एकसारख्या दिसायला हव्यात! घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "बाबा, माझे केस सरळ करून दे ना." पार्लरमधला आकडा ऐकून वाटलं, ही बाई केस सरळ करणार की मला? पण त्या आकड्यापेक्षा पोरीचा उतरलेला चेहरा जड गेला.

सौ.चे केस सरळ. त्यामुळे तिच्याजवळ या विषयातलं ज्ञान नाही, फक्त फणी आहे. दर रविवारी आधी शाम्पूचा फेस, मग वाळलेल्या केसांत बारीक दातांची फणी आणि मग रडारड, असा आमचा ठरलेला कार्यक्रम.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. प्रश्न हिशेबाच्या भाषेत मांडला. टाळू म्हणजे हेड ऑफिस. तिथलं तेल सरळ केसावरून थेट टोकापर्यंत पोचतं. कुरळ्या केसाच्या वाटेवर वळणंच इतकी, की शेवटच्या शाखेला काही मिळतच नाही. त्यात शाम्पू आहे ती शिल्लकही काढून नेतो. मग केस पिंजारतील नाही तर काय!

आणि मला आई आठवली. तिचेही केस कुरळे. शनिवारी रात्री लोखंडी कढईत शिकेकाई, आवळकाठी, मेथ्या आणि मोजून दोन रिठे भिजत पडायचे. सकाळी ते उकळायचं, गाळायचं, कोमट करायचं. आधी खोबरेल, मग हे पाणी. डोळ्यांत गेलं की मी वाडा डोक्यावर घेत असे. केस ओले असतानाच जाड दातांच्या फणीनं टोकाकडून वर सोडवायचे आणि खसाखसा न पुसता जुन्या धोतरानं टिपायचे. वाळल्यावर फणी लावली, तर पाठीत धपाटा.

गंमत म्हणजे 'शाम्पू' हा शब्द आपल्याच 'चांपो'वरून, म्हणजे चंपीवरून इंग्रजीत गेला. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या दीन महोमेद यांनी इंग्लंडात ब्रायटनला जाऊन साहेबाला 'शाम्पूइंग' करून दाखवलं, ते अंग रगडण्याचं. पुढे शब्द बाटलीत शिरला आणि हात बाहेरच राहिला.

पहिल्या रविवारी मी उत्साहात सहा रिठे घातले. केसांचा काथ्या झाला. "अहो, पोरीचं डोकं आहे, पातेलं नाही!" इति सौ. दुसऱ्या रविवारी दोनच घातले. तिसऱ्या रविवारी धोतराऐवजी माझ्या जुन्या बनियननं टिपता टिपता एक बट बोटाभोवती आपोआप वळली. आईच्या कानामागची बट हुबेहूब अशीच होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. रिठा गेला असावा.

"बाबा, आजीचे केस असेच होते?"

"अगदी असेच."

त्यानंतर पार्लरचा विषय निघाला नाही.

गॅदरिंगला रांग काही बदलली नाही. पण आता तो फोटो बघताना मला पुढच्या रांगेतल्या आठ जणींमधली एकही ओळखू येत नाही. मागच्या रांगेतली मात्र पाहुण्यांनासुद्धा दाखवावी लागत नाही.