सरळ भोक

भोक पाडणे हे काम दिसायला फार सोपे आहे. कागदाला पेन्सिलने भोक पडते, चामड्याला आरीने पडते, लाकडाला गिरमिटाने पडते. तुमच्या घरी या हत्याराला बरमा म्हणत असतील. आमच्याही घरी बरमाच म्हणतात. जुन्या सुतारांकडे आणखी एक साधन असे. एका उभ्या दांड्याला दोरी गुंडाळलेली असे, दोरीची टोके धनुकलीला बांधलेली असत आणि सुतार ती धनुकली पुढेमागे ओढत असे. दांडा गरगर फिरत लाकडात उतरे. मराठीत त्याला सामता म्हणतात.

ही युक्ती किती जुनी असेल? बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे उत्खनन झाले, तेव्हा तेथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांच्या अकरा दाढा सापडल्या. त्या दाढांना बारीक भोके पाडलेली होती. २००६ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. ती माणसे जिवंत असतानाच ही भोके पाडली गेली होती, कारण भोकांच्या कडा चावून चावून झिजलेल्या होत्या. दात दुखत असताना चकमकीच्या दगडाचा बरमा तोंडात घेणे ही कल्पनाच अंगावर काटा आणते! गुजरातमधील खंभातच्या कारागिरांचे काम त्यापेक्षा कितीतरी सुखाचे. ते धनुकलीच्या बरम्यानेच अकीकाच्या मण्यांना भोके पाडत आले आहेत. बरम्याच्या टोकाला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. अकीक हा शब्द तुम्हांला समजावून सांगायला नको.

लोखंडाला भोक पाडायचे म्हटले, की मात्र गोष्ट बदलते. त्यातही भोक नुसते पडून चालत नाही, ते सरळ पडावे लागते. हे मला आमच्या घरीच समजले.

आमचे गाव बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. आजूबाजूला कपाशी, सोयाबीन आणि तूर. माझा धाकटा भाऊ आयटीआयमधून फिटर झाला आणि पुण्याकडे एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. कंत्राट संपले, तसा तो घरी परतला. एके दिवशी तो मला म्हणाला, "भाईजान, पुन्हा तिकडे जाण्यापेक्षा इथेच काही केले तर?" मागच्या पडवीत त्याने वेल्डिंगचे लहान यंत्र बसवले. शेतकरी डवरे, वखर, ट्रॅक्टरच्या मागचे सामान दुरुस्तीला आणू लागले. काम चांगले होते. अडचण फक्त भोकांची होती.

हातातल्या विजेच्या ड्रिलने जाड पट्टीला भोक पाडताना हात थोडा तरी कलतोच. वरून भोक जागेवर दिसते, पण खालच्या बाजूला ते दोन मिलिमीटर सरकलेले असते. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, की एका भोकातून बोल्ट जातो आणि दुसऱ्यातून जात नाही. मग भोक कानशीने मोठे करायचे. मोठ्या भोकात बोल्ट सैल बसतो, आणि शेतात दगडाला डवरा अडला, की तोच बोल्ट तुटतो. शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. असा दिवस दोनदा वाया गेला, की तो दुसऱ्या गावच्या मिस्त्रीकडे जातो.

म्हणून खांबावर बसवलेले ड्रिल यंत्र घ्यायचे ठरले. त्याची रचना सांगतो. खाली जड बैठक, तिच्यावर एक गोल उभा खांब, खांबावर वरखाली होणारे टेबल आणि सर्वांत वर डोके. डोक्याच्या मागे मोटर असते व पुढे फिरणारा दांडा, म्हणजे स्पिंडल. दोघांना पट्टा जोडतो. स्पिंडलच्या टोकाला चक असतो आणि तो ड्रिल बिटला घट्ट धरतो. बाजूची मूठ फिरवली, की स्पिंडल सरळ खाली उतरते. ते इकडेतिकडे जाऊच शकत नाही. या यंत्राची सारी किंमत या एका गोष्टीत आहे.

पैशांचे काय? अम्मीने शिलाईकामातून साठवलेले काही, माझ्या पगारातून काही, असे पंधरा हजार रुपये झाले. हे पैसे बुडाले, तर पुन्हा एवढे जमायला दोन वर्षे लागतील हे आम्हां तिघांनाही ठाऊक होते. शिवाय जूनच्या आत यंत्र यायला हवे होते. पेरणीचा हंगाम हातचा गेला असता, तर भावाला पुण्याची गाडी धरावी लागली असती.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे हातातले ड्रिल बसवायचा लोखंडी स्टँड. तो दोन हजारांच्या आसपास मिळतो. पातळ पत्रा किंवा लाकूड असेल तर तो ठीक आहे. आम्ही तो हलवून पाहिला आणि परत ठेवला.

दुसरे यंत्र यवतमाळच्या एका दुकानात होते. नवे कोरे, चकचकीत हिरवा रंग, किंमत साडेआठ हजार. अंगावर मोठ्या अक्षरांत १३ मि.मी. लिहिलेले. मला ते पाहताक्षणी आवडले. पैसे उरणार होते, हमीचा कागद मिळणार होता. भाऊ मात्र खिशातून एक सरळ गोल सळई काढून उभा राहिला. ती त्याने चकमध्ये बसवली, मूठ ओढून स्पिंडल पूर्ण खाली आणले आणि दोन बोटांनी सळई बाजूला ढकलली. सळई हलली. नंतर त्याने चक हाताने हळूहळू फिरवला. सळईचे टोक एका जागी न फिरता लहानसे वर्तुळ काढत होते. शेवटी त्याने टेबलावर तळहात ठेवून जोर दिला. टेबल किंचित वाकले. दुकानदार म्हणाला, "इतके तर चालतेच." भाऊ नम्रपणे म्हणाला, "लाकडाला चालेल, काका. मला लोखंड कापायचे आहे."

तुम्हीही कधी असे यंत्र पाहायला गेलात, तर एक सळई आणि एक गुण्या जवळ ठेवा. गुण्या टेबलावर उभा करून सळईला लावा. मध्ये फट दिसली, तर टेबल काटकोनात नाही. रंग पाहू नका, वजन पाहा. ते हलके यंत्र एकट्या माणसाला सहज उचलता येत होते. जड बिडाचे अंग थरथर गिळून टाकते. हलके अंग थरथरते आणि बिटची धार लवकर मारते. तरीही त्या हिरव्या यंत्राला मी वाईट म्हणणार नाही. कोणाला लाकडी खेळणी किंवा शाळेच्या प्रयोगांचे साहित्य करायचे असेल, तर ते पुरेसे आहे. त्यासाठी जास्त पैसे घालणे ही उधळपट्टीच होईल.

यंत्रावर लिहिलेला १३ चा आकडाही समजून घ्या. चकमध्ये १३ मिलिमीटरपर्यंत जाडीचा बिट मावतो, एवढाच त्याचा अर्थ. तेवढे मोठे भोक लोखंडाला पाडण्याची ताकद मोटरमध्ये आणि अंगात आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही.

आता थोडे गणित करू. बिट जितका जाड, तितके त्याचे फेरे कमी हवेत. कारण बिटची बाहेरची कड एका मिनिटात किती अंतर कापते, याला मर्यादा असते. साध्या लोखंडी पट्टीसाठी ही मर्यादा सुमारे २५ मीटर धरतात. १० मिलिमीटरच्या बिटचा परीघ ३१.४ मिलिमीटर. २५ मीटर म्हणजे २५,००० मिलिमीटर. भागाकार केला तर सुमारे ८०० फेरे येतात. ५ मिलिमीटरच्या बिटला किती फेरे लागतील, ते तुम्ही वहीत काढून पाहा. याहून फार वेगाने फिरवले, तर बिट तापतो, निळा पडतो आणि त्याची धार जाते.

मोटर तर मिनिटाला १,४४० फेरे घेते. मग फेरे कमी कसे करायचे? येथे पुल्या कामाला येतात. मोटरवर ५ सेंटिमीटरची पुली आणि स्पिंडलवर १५ सेंटिमीटरची पुली असेल, तर फेरे एक तृतीयांश होतात, म्हणजे ४८०. दोन्ही पुल्या सारख्या असतील, तर फेरे १,४४० च राहतात. यंत्राचे वरचे झाकण उघडले, की पायऱ्यांसारख्या पुल्या दिसतात. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर घ्यायचा, एवढेच. पट्टा सरकवताना प्लग काढून ठेवायचा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

तिसरे यंत्र नागपूरला मिळाले. इतवारीतील लोहा ओळीत लोखंडी सामानाची दुकाने ओळीने आहेत. एका जुन्या सामानाच्या दुकानात मागे, अंधारात, धूळ खात ते उभे होते. सगळे अंग बिडाचे. आम्हां दोघांनी मिळून ते जेमतेम हलवले. नाव लिहिलेली पट्टी गळून गेली होती. भावाने प्रथम टेबलावरची धूळ पुसली. जुन्या ड्रिल यंत्राचे टेबल म्हणजे त्याच्या आधीच्या कारागिराचे प्रगतिपुस्तकच असते. निष्काळजी माणूस खाली लाकडाचा तुकडा न ठेवता भोके पाडतो, त्यामुळे टेबलावर खड्डेच खड्डे दिसतात. या टेबलावर फक्त तीन खड्डे होते. पूर्वी ते एखाद्या सावध माणसाच्या हाती असावे.

भावाने सळई लावली. स्पिंडल खाली आणून ढकलले. हालचाल जवळजवळ नव्हती. कान जवळ नेऊन त्याने स्पिंडल फिरवले. बेअरिंगमधून खरखर येत नव्हती. चकच्या जबड्यांची पकड मात्र गेली होती, पण चक बदलता येतो. बहुतेक यंत्रांत चकचा दांडा एका ठरावीक निमुळत्या मापाचा असतो. त्या मापाला मोर्स टेपर म्हणतात. वळणदार खाचांच्या ड्रिल बिटचे पेटंट १८६३ साली घेणाऱ्या अमेरिकेच्या स्टीफन मोर्स याचेच ते नाव. दांडा त्या मापाचा असल्यामुळे आज बाजारात मिळणारा नवा चक एका जुन्या, अनामिक यंत्रात सरळ जाऊन बसला.

खरी अडचण मोटरची होती. ती तीन फेजची होती आणि आमच्या घरी एकच फेज आहे. दुकानदार मोटरसह बारा हजार मागत होता. भाऊ म्हणाला, "मोटर तुमच्याकडेच ठेवा आणि भाव सांगा." बराच वेळ घासाघीस झाली. मध्ये चहा आला. मी दोनदा भावाला म्हणालो, "चल, जाऊ." शेवटी ८,८०० वर सौदा झाला. अर्ध्या हॉर्सपॉवरची एक फेजची नवी मोटर ४,८०० ला, चक ८५० ला, पट्टा १८० ला आणि टेम्पोचे भाडे ७००. बेरीज १५,३३० रुपये झाली. वरचे तीनशे तीस मी दिले आणि ते आजही भाऊ उधारीच्या वहीत लिहून ठेवतो.

जुने यंत्र प्रत्येकाने घ्यावे असे मात्र मी सांगणार नाही. आमच्या घरात फिटर होता. एकट्याने गेलो असतो, तर मी हिरवे यंत्रच घेतले असते. ज्याला यंत्र उघडून जोडता येत नाही, त्याने जाणत्या माणसाला सोबत न्यावे किंवा नवे यंत्र घ्यावे.

यंत्र घरी आले, पण ते लगेच चालू झाले नाही. अम्मीने एक अट घातली होती, "आधी अर्थिंग." लोखंडी अंगात वीज उतरली, तर हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. गावातल्या कितीतरी घरांत तीन छिद्रांचा प्लग असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. आम्ही जाणत्या वायरमनकडून मागच्या अंगणात खड्डा घेऊन अर्थिंग करून घेतले आणि यंत्राची बैठक दगडी ओट्यावर बोल्टने पक्की केली. मोटर सुरू केली, तर ती उलटी फिरली! वायरमनने आतल्या दोन तारांची अदलाबदल केली आणि ती सुलटी झाली.

पडवीत आता गल्लीतली मुले येऊन उभी राहतात. त्यात माझे विद्यार्थीही असतात. त्यांना भाऊ जे दटावून सांगतो, ते तुम्हांलाही सांगतो. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नका. मोजा बिटमध्ये अडकला, तर तो हातालाही ओढून नेतो. ओढणी, लांब बाही, मोकळे केस आवरून बांधा. डोळ्यांवर चष्मा लावा. पट्टी हाताने धरू नका, ती वाइसमध्ये आवळा. बिट अडकला, की हातात धरलेली पट्टी पंख्याच्या पात्यासारखी फिरते. आणि चकची चावी चकमध्ये कधीही विसरू नका. आमच्याकडे ती चावी एका दोरीने खिळ्याला टांगलेली असते. दोरी मुद्दामच आखूड ठेवली आहे. चावी खिळ्यावर परत गेली नाही, तर बटणाकडे हात जाऊ द्यायचा नाही, असा घरचा कायदा आहे.

मृगाचा पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात एक शेतकरी आपला डवरा घेऊन आला. चार भोके पाडायची होती. भावाने सेंटर पंचने खुणा केल्या, पट्टी आवळली, आधी बारीक बिट आणि मग १२ मिलिमीटरचा बिट लावला. लोखंडाचा कीस लांब वेटोळे घेत बाहेर येऊ लागला. बिटवर मधूनमधून तेलाचे थेंब पडत होते. चारही भोके झाल्यावर शेतकऱ्याने स्वतःच पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या आणि बोल्ट टाकला. तो बोटाच्या जोरानेच खाली उतरला. त्याने उरलेले तीनही बोल्ट टाकून पाहिले, नट आवळले आणि विचारले, "तिफणीचंही करून द्याल का? संध्याकाळी आणतो."