यहुदाची बाजू ऐकताना

धर्मगुरूने रॉक संगीत ऐकावे की नाही, या प्रश्नाचा निकाल आमच्या सेमिनरीच्या दिवसांत वडीलधाऱ्यांनी केव्हाच लावून टाकला होता. निकाल अर्थातच प्रतिकूल होता. तरीही एक कॅसेट आमच्या उशाखाली राहिली, आणि आज पन्नाशी उलटल्यावर तीच गाणी आम्ही मोबाईलवर उघडपणे ऐकतो. डॉक्टरांच्या आज्ञेवरून सध्या आमचा मुक्काम दिघीला आहे. आगरदांड्याकडे जाणारी शेवटची फेरीबोट सुटली की धक्का शांत होतो, समोर जंजिऱ्याचा तट काळोखात विरत जातो आणि आमचे ऐकणे सुरू होते.

वास्तविक मराठी माणसाला रॉक ऑपेरा परका वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून पात्राने ऐन प्रसंगात गाऊ लागणे हे आपल्याला स्वाभाविकच वाटत आले आहे. फरक इतकाच की आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद असतात, रॉक ऑपेरात बहुधा सारी कथा गाण्यांतूनच पुढे सरकते. आणि पुष्कळदा ती रंगभूमीआधी तबकडीवर जन्म घेते. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस या दोन तरुण इंग्रजांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’चे असेच झाले. नाटकावर पैसे लावायला कोणी धजेना, म्हणून 1970 साली त्यांनी तबकडी काढली. ती इतकी गाजली की पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रंगमंचाने तिला आपण होऊन बोलावले. मुंबईत अलेक पदमसी यांनी 1974 मध्ये ते सादर केले. त्यात यहुदा गायला तो आत्माराम भेंडे यांचा मुलगा नंदू. त्याच नंदू भेंड्यांचा रॉकचा गळा 1978 साली पु. लं.च्या ‘तीन पैशाचा तमाशा’तून मराठी प्रेक्षकांनी ऐकला. ब्रेख्तचे नाटक, तमाशाचा बाज आणि रॉकचा ठेका! असा संसार एका छपराखाली सुखाने नांदू शकतो हे जब्बार पटेलांनी दाखवून दिले.

‘द हू’ या इंग्रज वाद्यवृंदाची ‘टॉमी’ (1969) ही दोन तबकड्यांची कथा तर एका अर्थाने आपल्याच मातीशी जोडलेली आहे. तिचा मुख्य रचनाकार पीट टाउनशेंड हा मेहेरबाबांचा भक्त. पुण्यात जन्मलेल्या बाबांनी 1925 साली मौन धरले ते 1969 च्या जानेवारीत देह ठेवीपर्यंत सोडले नाही. नगरजवळच्या मेहेराबादला त्यांची समाधी आहे. त्याच वर्षी, चार महिन्यांनी, ‘टॉमी’ प्रसिद्ध झाली आणि तिच्या वेष्टनावर बाबांचे नाव छापलेले होते. कथेतला मुलगा घरात घडलेली हत्या पाहतो, घरचे त्याला गप्प करतात, आणि तो आंधळा, बहिरा, मुका होऊन बसतो. पुढे बरा होतो, गुरू होतो, आणि शिष्य कंटाळून त्याला सोडून जातात. उत्तरार्ध थोडा लांबला आहे खरा. तरी प्रवचनपीठावर चढणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकावा असे आमचे मत आहे.

परंतु आमचे मन गुंतते ते ‘सुपरस्टार’मध्ये. उत्तम शुक्रवारी योहानकृत शुभवर्तमानातील दुःखसहन तीन आवाजांत गायले जाते: निवेदक, ख्रिस्त आणि इतर. ख्रिस्ताचा भाग शक्यतो धर्मगुरूकडे येतो. इतकी वर्षे आम्ही तो गात आलो. पण गेथशेमनीच्या बागेतील भय या तबकडीवर इयन गिलनच्या किंकाळीत ऐकल्यावर आमचा संथ, घोटलेला स्वर आम्हांलाच फार सुरक्षित वाटू लागला. हेरोदाचे गाणे सर्कशीच्या थाटाचे आहे, धर्मनिष्ठांना ते खटकते; आम्हांला मात्र तेच योग्य वाटते. लूकच्या वर्णनातला हेरोद असाच तर आहे, चमत्काराचा तमाशा पाहायला बसलेला!

खरी अडचण यहुदाची. ही कथा सुरू होते त्याच्या मुखातून, आणि मेल्यानंतरही तो परत येऊन प्रश्न विचारीत राहतो. पूर्वी हा भाग आम्ही केवळ त्यातील जोमासाठी ऐकत असू. गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाचे दफन आम्हांला करावे लागले. त्याने स्वतःच आपले जीवन संपविले होते. कबरस्तानातून परतताना त्याची आई आमच्या झग्याची बाही धरून म्हणाली, “फादर, माझा पोर यहुदाच्या वाटेने गेला का?”

अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असे आजची धर्मशिक्षा सांगते. आम्ही तेच सांगितले. ते खरे आहे, आणि तिने मानही हलविली. पण ‘यहुदाची वाट’ हा शब्द तिला आम्हीच, आमच्या प्रवचनांनीच दिलेला होता. मत्तय सांगतो की यहुदाला पस्तावा झाला, त्याने तीस नाणी परत नेली, आणि मंदिरातल्या याजकांनी ते तुझे तू पाहून घे म्हणून हात झटकले. आमच्या पंथातले ते याजक. आता दिघीच्या काळोखात त्याचे शेवटचे गाणे लागले की ठेका ऐकूच येत नाही, ती बाही धरलेली बोटे तेवढी जाणवतात.

या कथेत पुनरुत्थान नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. आक्षेप खरा आहे. मात्र शेवटच्या तुकड्याचे नाव आहे योहान एकोणीस, एकेचाळीस. ते वचन उघडून पाहावे: क्रूसाजवळच एक बाग होती आणि बागेत नवी कबर, जिच्यात तोवर कोणालाही ठेवलेले नव्हते. दोनेक मिनिटांचा हा तुकडा नुसत्या वाद्यांचा आहे. कोणी काही म्हणत नाही.

त्या माउलीला इंग्रजी येत नाही. पुढल्या आठवड्यात परतल्यावर तिच्या घरी जायचे आहे, तेव्हा तेवढा तुकडा तिला ऐकवावा असे मनात आहे.